सरोजाक्काची खोली

पेरुंगुडीच्या आमच्या दातांच्या दवाखान्यात सरोजाक्काची खोली म्हणजे सोवळ्यातली खोली. मी पुढे रिसेप्शनला बसते. इतक्या वर्षांत तो उंबरा ओलांडायची माझी छाती झाली नाही. दातांची हत्यारं अक्का स्वतः घासायची, कागदी पिशव्यांत बंद करायची आणि ऑटोक्लेव्हच्या यंत्रात वाफवून निर्जंतुक करायची. तंजावरकडचं मराठी घराणं. सोवळंओवळं तिच्या रक्तातच. मत्सरही तितकाच, हे मात्र भव्या आल्यावर कळलं.

भव्या ही अक्काच्या हाताखाली आलेली नवी मदतनीस. डिप्लोमावाली, हसरी. थोड्याच दिवसांत डॉक्टर राघोत्तम कुठल्याही कामाला "अक्का" सोडून "भव्या" अशी हाक मारायला लागले आणि अक्काचा नुसता जळफळाट! पोरीने नुसतं कपाट उघडलं तरी हिच्या कपाळाला आठी.

"कशी मिरवत्ये पाह्य गे! अय्यो, काय तो तोरा!" ती माझ्या कानात म्हणायची.

पुढच्या महिन्यापासून खोली भव्याच्या ताब्यात जाणार असं कळलं, तेव्हा अक्काने जेवणाचा डबाच उघडला नाही. नवरा गेलेला, घरात सुनेचं राज्य. तिचा शब्द चालेल अशी तेवढी एकच जागा उरली होती.

शनिवारी एकाला इम्प्लांट बसवायचा होता. भव्याने घाईघाईत पिशव्या पुरत्या सुकायच्या आतच यंत्रातून बाहेर काढल्या. ओल्या कागदातून जंतू आत शिरतात. अशी पिशवी पुन्हा वाफवावी लागते. अक्काला कागदावरचा ओला डाग दिसला. सुंठीवाचून खोकला गेला, असंच वाटलं असणार तिला. ती गप्प राहिली. तासाभरात डाग वाळला, वरवर बघणाऱ्याला शंकाही आली नसती.

रुग्ण खुर्चीत आडवा झाला, त्याचा जबडा बधिर केला, डॉक्टरांनी पिशवीला हात घातला आणि दारातून अक्का ओरडली, "थांबा! ओली पिशवी काढल्ये हिनं!"

हत्यारं परत गेली. भव्या रडायला लागली. अक्काचा चेहरा असा फुलला होता की मला तिचा रागच आला.

"बरं झालं पाह्यलात, अक्का," डॉक्टर म्हणाले. "कधी ध्यानात आलं?"

"सकाळींच! ती काढीत होती तेव्हांच पाह्यले की मी!"

 डॉक्टरांनी एकदा खुर्चीतल्या माणसाकडे पाहिलं, मग अक्काकडे. आपण काय बोलून बसलो ते अक्काला तेव्हा उमगलं. त्यांनी हात पुढे केला. अक्काने कमरेला खोवलेली खोलीची किल्ली काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली.