मास्तरांचं डावं अंग

पोहण्याच्या तलावावर मास्तरांनी सव्वीस वर्षं काढली होती. अर्धी चड्डी, गळ्यात शिट्टी आणि वर उघडंबंब अंग, हाच त्यांचा गणवेश. पाण्याला घाबरणाऱ्याला ते म्हणायचे, "पाणी तुला पीत नाही रे, तूच त्याला पितोयस. तोंड मीट!"

सकाळच्या बायकांच्या वर्गाला एक निवृत्त नर्स यायच्या. सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. एके दिवशी शिडीवरून वर येताना त्या मास्तरांसमोर थबकल्या.

"मास्तर, छातीवरचं डावं बोंड असं आत कधीपासून ओढलंय?"

"असेल. वयामुळे सगळंच आत चाललंय. डोळे, गाल."

"चेष्टा नको. उद्याच्या उद्या दाखवून या. नाहीतर मी घरी येऊन वहिनींच्या कानावर घालेन."

बायकोच्या कानावर जाऊ नये म्हणून मास्तर मुकाट्याने दवाखान्यात गेले. तपासण्या झाल्या आणि निदान असं निघालं की ते तिला सांगायचं कसं, याचाच त्यांना घोर लागला. स्तनाचा कॅन्सर. दोन दिवस त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, तेव्हा एका दमात सांगून टाकलं.

"अहो, तो तर बायकांना होतो!"

"पुरुषांनाही होतो म्हणे. क्वचित."

तिने हातातला शर्ट अर्ध्या घडीतच मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "आणि हे दोन दिवस एकट्यानेच पोटात ठेवलंत? शहाणेच आहात. कधी काढायचंय ते विचारून या. नाही, थांबा, मीच येते."

नातेवाइकांना मात्र तिने "छातीचं छोटंसं ऑपरेशन" एवढंच सांगितलं. थोरल्या दिरांनी त्याचा अर्थ हृदय असा घेतला आणि ते रोज फोन करून तेल कमी खाण्याचा उपदेश करू लागले. मास्तरही "हो दादा, हो दादा" करत राहिले. बायकांचा आजार आपल्याला झाला, हे कुणाला सांगायची त्यांना लाज वाटत होती.

ती लाज दवाखान्याच्या बाकावर उतरली. तिथे सगळ्या बायकाच. फॉर्म घेणारी मुलगी मास्तरांच्या बायकोकडे बघत म्हणाली, "पेशंटने आत यायचं."

"पेशंट हे आहेत. मी नुसती सोबत."

बाकावरच्या सगळ्या माना मास्तरांकडे वळल्या. मास्तरांना वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. तेवढ्यात डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई सरकून म्हणाली, "बसा हो भाऊ. डावं की उजवं?"

"डावं."

"माझंही. म्हणजे आपण एकाच बाजूचे!"

सगळा बाक हसला, आणि मास्तरही किती दिवसांनी मोकळेपणाने हसले.

ऑपरेशन नीट पार पडलं. काखेतल्या गाठींपर्यंत कॅन्सर पोचला नव्हता. पुढे फक्त काही वर्षं रोज एक गोळी. त्या गोळीने मास्तरांना अचानक घाम फुटायचा, चेहरा लालबुंद व्हायचा. बायकोचं वयही नेमकं तेच सोसण्याचं. दोघांची एका पंख्यावरून जुंपायची. "आता कळलं ना मला काय होत होतं?" ती विचारायची. मास्तरांना खरंच कळलं होतं.

पण खरा घाव पुढेच होता. लग्न झालेली लेक आपल्या चिमुरडीला घेऊन आली होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने खाली बघत विचारलं, "बाबा, हे माझ्याकडे येईल का हो? आणि हिच्याकडे?"

ऑपरेशनला न डगमगलेले मास्तर तिथे खचले. डॉक्टरांनी त्यांच्याच रक्ताची तपासणी सांगितली. आनुवंशिक दोष आहे की नाही, ते त्यातून कळणार होतं. चार आठवडे थांबायचं होतं.

घरात बसून जीव टांगणीला लागण्यापेक्षा काम बरं, म्हणून डॉक्टरांना विचारून ते तलावावर गेले. आधी बनियन घालून काठावर उभे राहायचे. एकदा बुडू लागलेल्या एका पोराला उचलायला उडी मारली आणि ओलं बनियन अंगाला चिकटलं, तसं त्यांनी ते ओढून काढून फेकलंच. पोराने खोकत खोकत आडवा व्रण पाहिला.

"मास्तर, तुम्हाला कोण चावलं?"

"डॉक्टर," मास्तर म्हणाले. "आता पाय मार."

रिपोर्ट आणायला लेकच त्यांच्याबरोबर गेली. डॉक्टरांनी कागद उलगडून सांगितलं, "यात काही सापडलेलं नाही. तुमच्याकडून मुलीकडे जाण्यासारखं काहीच दिसत नाही. तिने इतर बायकांसारखी नियमित तपासणी केली की पुरे."

मास्तरांनी तेच तीनदा वदवून घेतलं. बाहेर येऊन लेक आधी रडली, मग त्यांच्यावरच डाफरली, "पुन्हा कधी दोन दिवस लपवून ठेवलंत तर बघा!"

घरी आल्यावर ती खुर्चीत टेकली आणि बोलता बोलता तिचा डोळा लागला. महिनाभर तिची झोप उडाली होती, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आईने पडदा ओढला. मास्तरांनी नातीला उचलून दुसऱ्या खोलीत नेलं. त्या दिवशी जेवायला चार वाजले, पण लेकीला कुणी उठवलं नाही.