शेवटचा दिवस, शेवटची संधी

गावात त्याला सगळे भोंगा म्हणत. रिक्षाच्या टपावर कर्णा बांधून, एका हातात हँडल आणि दुसऱ्यात माईक धरून तो वर्षभर ओरडत हिंडे. चपलांचा सेल, साड्यांचा सेल, दातांची मोफत तपासणी. "आज शेवटचा दिवस! शेवटची संधी! नंतर म्हणू नका, सांगितलं नाही!" सेल अर्थातच पुढे महिनाभर चालू असे. त्यात त्याला काही वावगं वाटत नसे आणि खरं सांगायचं तर गिऱ्हाइकांनाही नाही.

चक्रीवादळ येणार म्हटल्यावर सरकारी कचेरीने दवंडीला त्यालाच बोलावलं. दुसरा होता कोण? कचेरीतल्या बाई कालपासून घरी गेल्या नव्हत्या. मच्छीमारांच्या होड्या परत आणून झाल्या होत्या, दिवस भरत आलेल्या बायका इस्पितळात हलवल्या होत्या, उंच खांबांवरच्या निवाऱ्यात पाणी आणि कोरडं खाणं भरून ठेवलं होतं. बसही उभ्या होत्या. त्यांत बसायला माणसं तेवढी तयार नव्हती.

"लोक वाऱ्याला घाबरतात," बाई भिंतीवरच्या नकाशावर बोट आपटत म्हणाल्या. "वारा पत्रे नेईल. माणसं नेतं ते पाणी. वादळ समुद्राला ढकलत आणतं. आपला किनारा उथळ, त्या पाण्याला खाली जायला जागा नाही, मग ते वर चढतं. त्यात दुपारी भरती. बंधाऱ्यामागची गल्ली सगळ्यात आधी जाईल. आणि ऐका, मध्येच वारा एकदम पडेल. ऊनसुद्धा दिसेल. तो वादळाचा मध्य. तेव्हा जो बाहेर पडला तो गेलाच म्हणून समजा, कारण नंतरचा वारा समुद्राकडून येतो."

भोंग्याने नकाशावर ती गल्ली शोधली. बंधाऱ्यामागच्या गल्लीत त्याची ताई राहत होती. आई गेल्यावर त्याला वाढवलं ते तिनेच.

सकाळभर ओरडून त्याचा घसा बसत आला. "नागरिकांना कळवण्यात येते की" असं सुरू करावं, तर जिभेला लागलेली सवय, दुसऱ्या वाक्याला चपलांच्या सेलचा सूर लागायचा. लोक ओट्यावर बसून हसायचे.

गल्लीत दारालगत रिक्षा लावून तो माईकसकट उतरला. ताई घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानात इस्त्री करत होती.

"ताई, चल."

"लोकांचे कपडे आहेत. संध्याकाळी न्यायला येतील."

"संध्याकाळी कोणी येणार नाही गं!"

दाजी दारात पाय पसरून बसले होते. "मागच्या खेपेला गेलो. वादळ भलतीकडे वळलं आणि इथे माझा गॅसचा सिलिंडर चोरीला गेला. तू भरून देतोस का?"

"आणि म्हणे शेवटची संधी!" ताई हसली. "अरे, तुझ्या चपलांची शेवटची संधी उन्हाळ्यापासून चालू आहे."

शेजारीपाजारी खिदळले. तेवढ्यात बंधाऱ्यावरून पाण्याचा फवारा आला आणि दोरीवरच्या पांढऱ्या चादरींवर मातकट ठिपके उठले. लाटांचा नेहमीचा आवाज राहिला नव्हता. एकसारखी घरघर चालली होती, मध्ये दम न घेता.

भोंग्याने बंधाऱ्याकडे पाहिलं. तो उंबऱ्यातच बसला. माईक हातात होता आणि बटण चालूच होतं, पण त्याचं भान कुणाला!

"ताई, मला भीती वाटतेय गं. मी खोटं ओरडतो, मला काय माहीत नाही? पोटासाठी ओरडतो. पण कचेरीतल्या बाई कालपासून घरीसुद्धा गेल्या नाहीत, मी पाहिलं. तू गेलीस तर मला कोण आहे? तू येत नाहीस ना, मग मीही इथेच बसतो."

त्याचा हुंदका टपावरच्या कर्ण्यातून अख्ख्या गल्लीने ऐकला. कोणी हसलं नाही. समोरचे आजोबा उठून काठी शोधू लागले. ताईने इस्त्रीतल्या निखाऱ्यांवर तांब्याभर पाणी ओतलं.

"चल. आणि रडू नकोस, गाव ऐकतंय."

दुपारी निवाऱ्यात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं. भिंती थरथरत होत्या, मुलं रडायचीसुद्धा थांबली होती. आणि अचानक सगळं शांत झालं. झरोक्यातून ऊन आत आलं.

"संपलं एकदाचं," दाजी उठले. "घर बघून येतो." त्यांच्यामागे आणखी माणसं उठली.

भोंग्याने ओरडायला तोंड उघडलं. आवाजच फुटेना. घसा पार गेला होता, नुसती हवा बाहेर आली. तो धावत जाऊन दाराला पाठ लावून उभा राहिला, दोन्ही हात पसरून.

"बाजूला हो रे!"

त्याने मान हलवली. दाजींनी त्याचा दंड धरून ओढला.

"बसा खाली!" ताई कडाडली. "तोंड बघा त्याचं. चपला विकताना असं तोंड असतं का? बसा म्हणते ना!"

दाजी पुटपुटत बसले. ते बसतात न बसतात तोच दारावर बाहेरून धडक बसली, आता समुद्राच्या बाजूने. भोंगा फेकला गेला. मग दाजींनीच पहिल्यांदा दाराला खांदा लावला.

थोड्या वेळाने जमिनीखालून आवाज येऊ लागला. खांबांना काहीतरी आपटत होतं. थांबायचं, पुन्हा आपटायचं. पाणी तिथवर चढलं होतं. काय आपटतंय ते बघायला कोणी उठलं नाही.

"माझं इस्त्रीचं टेबल असेल का रे?" ताईने हळूच विचारलं.

त्याला आवाज नव्हता. त्याने तिचा हात धरला आणि खालचे धक्के ऐकत बसून राहिला.