मढचा बंगला आणि दुसरं बटन

"या वेळी बुकिंग मी करणार, कुणी मध्ये बोट घालायचं नाही," असं मी जोगेश्वरीच्या घरात जाहीर केलं. मला दिसत नाही, त्यामुळे आजवर प्रत्येक सहलीला दादाने मला थर्मासबरोबर उचलून नेलंय. एकदा तरी मला सगळ्यांना न्यायचं होतं.

मढच्या एका बंगल्याची वेबसाइट उघडली. माझा फोन पडद्यावरचं वाचून दाखवतो, तो वाचू लागला : "चित्र. चित्र. चित्र." हॉल की संडास, देव जाणे! मग फॉर्म : "बटन. बटन." कशाचं, ते लिहिलेलंच नाही. पहिलं बटन कुणीही दाबतं, म्हणून मी दुसरं दाबलं. मी यंत्र नाही हे त्या यंत्राला पटवायला पाच प्रयत्न लागले. बुकिंग झालं आणि मी घरभर मिरवले.

शनिवारी सकाळी रिक्षाने वर्सोवा जेट्टी गाठली. फेरीबोटीसाठी सुट्टे पैसे ठेवा. बोट काही मिनिटांत पलीकडे लावते. सुक्या बोंबलांचा वास आला की मढ आलं समजा. तिथून पुन्हा रिक्षा.

बंगल्याच्या दारात राखणदार पास्कलकाका. माझा काळा चष्मा बघून म्हणाले, "या, डायरेक्टर मॅडम! बाकीची पन्नास माणसं कुठं हायत?"

दुसरं बटन सिनेमाच्या शूटिंगसाठी बंगला घेण्याचं होतं. आत पन्नास जणांचं कोलंबीचं कालवण रटरटत होतं.

"वाट लावलीस ना! मला सांगायचं गं, मी केलं असतं," दादा म्हणाला. त्या 'मी केलं असतं'ने मला रडूच आलं.

पास्कलकाका मात्र भडकले. "बटनावर नाव नाय? मंग चूक मालकाची!" त्यांनी तिथूनच मालकाला फोन लावून झापलं. शूटिंगचं भाडं रद्द झालं, बदल्यात साइटवरच्या फोटोंना फोन वाचू शकेल अशी वर्णनं मी लिहून द्यायची असं ठरलं. काका खोलीखोलीतून फिरवत बोलत गेले, मी फोनवर रेकॉर्ड केलं. कालवणाला अख्खी गल्ली जेवायला आली. मी डायरेक्टरसाठी मांडलेल्या खुर्चीत बसून तीनदा वाढून घेतलं.

घरी आल्यावर आठवड्याने साइट पुन्हा उघडली. फोन वाचू लागला : "हॉल. पंखा लय आवाज करतो, मालक सांगत नाय. जिना. तिसरी पायरी हलते, जपून." मी काकांचा एक शब्दही बदलला नव्हता. बटनांनाही आता नावं होती.

दादा शेजारी ऐकत होता. "फोटोत तर पंखा झकास दिसतो यार," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "दिवाळीत कुठे जायचं ते तूच बघ. थर्मास मी उचलतो."