गालातली पोटाची चरबी

मला बघायला येणारा मुलगा लढाईवरून परतलेला शिपाई होता, आणि त्याच्याआधी त्याच्या गालाची बातमी आमच्या घरी येऊन बसली होती. इटलीत तोफगोळ्याची कपची लागून डाव्या गालाला खड्डा पडला, तो लष्करी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चरबी भरून बुजवला, इथवर सगळ्यांचं एकमत. चरबी कशाची, यावर मात्र कोरेगावच्या बाजारात जितकी तोंडं तितक्या गोष्टी. कुणी बोकडाची म्हणे, कुणी डुकराची. तिसरं नाव आमच्या घरात कुणी उच्चारलं नाही. अंगावर चरबी चढलेले मी पुष्कळ पाहिले होते. गालात भरून घेतलेला हा पहिलाच.

चहा झाल्यावर माझ्या चुलत्यांनी थेट विचारलं, "पाव्हणं, रागावू नगा. पर गालात भरलंय काय?"

पाहुणे इस्लामपूरकडचे, मुलगा बोलायला संथ. तो उठला आणि त्यानं सदरा वर केला. बेंबीच्या बाजूला वीतभर वण होता. "माजीच हाय. हितली काडून हितं भरली."

चुलत्यांनी पुढं वाकून वण निरखला. स्वयंपाकघराच्या दाराआडून मला त्याचं तोंड नीट दिसायच्या आधी पोट दिसलं. लाज वाटायच्या ऐवजी मला चुलत्यांचाच राग आला.

चुलते समाधानानं मागं टेकले, तर मुलगाच म्हणाला, "आजून एक. डाक्टर म्हनला, ही चरबी जिरती. वरीस-दीड वर्सात गाल परत बसायचा. आदीच सांगतो, मागनं फसवलं म्हनू नगा."

त्याच्या वडिलांनी कपाळाला हात लावला. जमत आलेलं यानं स्वतःच मोडलं, असं आम्हां बायकांना वाटलं. चुलत्यांनी सावकाश सुपारी कातरली. "बसला तर बसला. मानूस सरळ हाय."

लग्न ठरलं. मला कुणी विचारलं नाही. तशी रीतच नव्हती, त्यामुळे वाईटही वाटलं नाही.

गाल वर्षाच्या आतच बसला. दाढी करताना त्या बाजूला यांचा वस्तरा अडायला लागला. चारचौघांत हे उजवी बाजू पुढं करून बसायचे. घरात माझ्यासमोरही तसेच बसायला लागले, तेव्हा मात्र माझा जीव तुटला.

एकदा मी भाकरी थापत असताना हे चुलीपुढं येऊन बसले. म्हणाले, "पुन्याला परत भरून देत्यात. पोटाला आनि एक चीर पडंल. तू म्हनशील तर जातो."

"आवं, मला इचारताय?"

"रोज बगायचं तुला हाय. मन धजत नसंल तर तसं सांग."

तव्यावरची भाकरी करपली. मी म्हटलं, "नगा जाऊ. मला हाय ते चालतंय."

यांनी पुन्हा एकदा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. लग्नाला माझा होकार कुणी घेतला नव्हता. तो मी त्या दिवशी दिला.