तुऱ्हाटीची तलवार

आता काय लपवायचं तुमच्यापासून? चहा येईपर्यंत माझी फजिती मीच सांगून टाकतो, नाहीतर आमचे मामा तिखटमीठ लावून सांगतीलच.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. जऊळक्याजवळच्या एका खेड्यात मी नवाकोरा मास्तर होतो. स्टेशनाजवळच्या पडीत जागेत तंबूतला सिनेमा आला, तोही तलवारबाजीचा. झालं, गावातल्या पोरांच्या अंगातच आलं. तुरीचा हंगाम नुकताच उरकलेला, मग वाळक्या काठ्यांना, तुऱ्हाट्यांना, काय तोटा? ज्याच्या त्याच्या हातात तलवार. बैलबंडीवरून उड्या, ओट्यावरून उड्या. पाटलांच्या नातवानं तर आजीच्या पाण्याच्या पितळी गुंडालाच शत्रू समजून पोचे पाडले.

पाटलांनी शाळेच्या ओट्यावर बैठक बोलावली. तंबूवाल्यालाही निरोप धाडला. आणि सिनेम्याविरुद्ध बोलायचं कुणी? मास्तरांनी!

माझी पंचाईत वेगळीच होती. मामांनी माझ्यासाठी मानोऱ्याकडची मुलगी पाहिली होती. पोहरादेवीच्या यात्रेत मी तिला लांबून पाहिलं होतं, आणि खरं सांगतो, तेव्हापासून मला जेवण गोड लागत नव्हतं. पण तिचे वडील मोठे कडक. मामांनी त्यांना ठासून सांगितलं होतं, "पोरगं सालस हाये. सिनेम्याचं तोंड नाही पाह्यलं त्यानं."

आणि मी? तंबू लागल्यापासून डोक्यावर टॉवेल घेऊन मागच्या रांगेत रोज हजर.

बैठक भरली. तेवढ्यात स्टेशनाच्या वाटेनं कोट-फेट्यातले एक अनोळखी गृहस्थ आले आणि मुकाट्यानं समोर बसले. आमच्या गावात कोट घालून येणार कोण? तंबूवालाच असणार. मग काय, मी त्यांच्याकडे बघूनच भाषण ठोकलं.

गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मास्तर, नुसतं पडद्यावर पाहून लेकरं कायले मारामारी करतीन?"

माझं डोकंच फिरलं. "काहून नाही करणार? दाखवतोच तुमाले." एका पोराची तुऱ्हाटी ओढून घेऊन मी उभा राहिलो. "हीरो असा येते..."

"मास्तर, तो आधी लाथ मारते," एक पोट्टं बोललं.

"चूप बस. आधी तलवार डाव्या हातात, मंग गिरकी, मंग लाथ." मास्तर पडलो ना, चुकीचं उत्तर ऐकवत नाही.

"आन् किल्ल्यावरून उडी?"

"ते शेवटी," असं म्हणत मी ओट्यावरून उडी घेतली. तुऱ्हाटी गरकन फिरली आणि गृहस्थांचा फेटा उडून पाटलांच्या मांडीवर पडला. पोरांनी टाळ्या पिटल्या. खोटं कशाला बोलू, त्या टाळ्या ऐकून मी आणखी एक गिरकी घेतली.

इतक्यात मामा धापा टाकत आले. "अबे, काय करून राह्यला? मी पाव्हण्यायले स्टेशनावर शोधून राह्यलो, आन् हे इथं! पोरीचे वडील हायेत हे, तुले पाह्यले आले."

माझ्या हातातली तुऱ्हाटी गळाली. आता मुलगी गेली हातची, एवढंच डोक्यात आलं.

गृहस्थांनी फेटा सावकाश गुंडाळला. "काहून मामा, पोरानं सिनेमा पाह्यला नाही म्हणे?"

मामा चाचरले. "पोट्ट्यायनं सांगतलं असन त्याले."

"नाही जी," पोरं एका सुरात म्हणाली, "मास्तर रोज आमच्या मांगंच बसते. टावेल घेऊन."

मग गृहस्थ पाटलांकडे वळले. "पाटील, तुमचं म्हणणं खरं हाये. सिनेम्यानं लेकरं बिघडतेतच. आता हेच लेकरू पाहा ना." आणि माझ्याकडे बोट दाखवून ते असे हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पाटील हसले, सारं गाव हसलं. मामांनी संधी साधून गृहस्थांच्या हातावर खिशातला गुळाचा खडा ठेवला, त्यांनी तो तोंडात टाकला आणि सोयरीक पक्की झाली.

लग्न थाटात झालं. आमच्याकडे नवरदेवाच्या हातात कट्यार देतात, तिच्या टोकाला लिंबू खोचलेलं असतं. साऱ्या पंचक्रोशीत मी एकटाच नवरदेव, ज्याच्या हातात सासऱ्यांनी नुसतं लिंबू दिलं.