आबांची आंघोळ आणि घागर मोर्चा

मी पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला होते आणि माझ्या प्रबंधाचा विषय होता शहरातली आंदोलनं आणि स्थानिक वाहिन्या. आंदोलनाच्या पहिल्या हाकेपासून बातमी पडद्यावर येईपर्यंत सगळं डोळ्यांनी बघायचं, पण मध्ये तोंड घालायचं नाही, असा आमच्या सरांचा दंडक. तोंड न घालणं माझ्या स्वभावात नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून तो त्यांनी पुन्हा पुन्हा बजावला.

आंदोलन शोधायला लांब जावं लागलं नाही. मंगळवार पेठेत मी ज्या काकूंकडे खोली घेऊन राहत होते, त्यांच्या गल्लीतच आठवडाभर पाणी नव्हतं. मी राधानगरीकडची, धरणाच्या काठावर वाढलेली, आणि इथं तांब्याभर पाण्यात तोंड धुऊन कॉलेजला जात होते. नुसती चिडचिड व्हायची. पण खरे हाल आबांचे, म्हणजे काकूंच्या सासऱ्यांचे. ते अंथरुणाला खिळलेले. टँकरचं पाणी पिण्यापुरतंच मिळायचं, त्यामुळे त्यांची आंघोळ बंद होती. दिवसभर पडल्या पडल्या ते गावातली वाहिनी बघायचे आणि मधूनमधून विचारायचे, “आलं काय गं पाणी? अंग नुसतं खाजाय लागलंय.” काकूंना ते ऐकवत नसे. मलाही नाही.

शेवटी घागर मोर्चा ठरला. गल्लीतल्या मंडळाचे अध्यक्ष पुढे झाले. त्यांना नगरसेवक व्हायचं होतं आणि ते त्यांनी कुणापासून लपवलेलंही नव्हतं. सकाळी बायका रिकाम्या घागरी घेऊन चौकातल्या नळापाशी जमल्या. घोषणा झाल्या, घसे बसले, चहा झाला. वाहिनीचा कॅमेरावाला तेवढा यायचा होता. तो कुठल्याशा नेत्याच्या वाढदिवसात अडकला होता.

आणि तेवढ्यात नळाला पाणी आलं.

पाणी सोडणारा चावीवाला स्वतःच बातमी घेऊन आला. “सोडलं बघा!” कुणीतरी मोबाईलवर धो धो वाहणाऱ्या नळाचा व्हिडिओ काढला. काकूंनी सगळ्यांच्या आधी घागर लावली. “आबास्नी आंघूळ घालून येतो, मग बसतो की दिवसभर!”

“काकू, थांबा!” अध्यक्ष ओरडले. “कॅमेरा यायला लागलाय. पाण्याच्या मोर्च्यात पाणी दिसलं तर आपली काय अब्रू ऱ्हाईल?”

सगळा चौक विचारात पडला. मला वाटलं, आता कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. पाचच मिनिटं बंद कर, अशी चावीवाल्याला विनंती झाली. त्यानंही आपल्या घरचीच अडचण असल्यासारखी मान हलवली आणि चावी फिरवली.

माझ्याच्यानं राहवलं नाही. “अहो, पाणी आलंय ना? मग मोर्चा कशाला?”

अध्यक्षांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “पावणं, तुमी फकस्त लिवून घ्या.”

कॅमेरावाला आला तो थेट समोरच्या माडीवर चढला. त्याला वरून रिकाम्या घागरींची तोंडं हवी होती. त्यांत एकट्या काकूंची घागर भरलेली, उन्हात चमकत होती.

“मावशी, ती तेवढी ओता की!”

काकूंनी अध्यक्षांकडे पाहिलं. “पाच मिन्टात परत सोडतोय की,” ते म्हणाले. काकूंनी घागर गटारीत ओतली.

पुढं घोषणा पुन्हा झाल्या. एकदा मध्ये ट्रकनं हॉर्न वाजवला. एकदा अध्यक्षच कॅमेऱ्यात आले नाहीत. एकदा सगळं जुळून आलं, तर एक बाई हसली. दुपार झाली. शेवटी चावीवाल्यानं चावी उलटी फिरवली तेव्हा नळ फुसफुसला आणि गप्प झाला.

“टाकी संपली,” तो म्हणाला. “तुमच्या वाटचं खालच्या गल्लीत गेलं. मी काय करू? तुमीच बंद कर म्हणलासा.”

संध्याकाळी आबांच्या खोलीत बसून मी बातमी बघितली. आधी रिकाम्या घागरी, मग अध्यक्ष, मग सकाळचा तो मोबाईलवरचा नळ. ‘आमच्या बातमीचा दणका! पेठेत पाणी आलं!’ मी तिरीमिरीत सरांना फोन केला. ते खूश झाले. हाक, मोर्चा, बातमी आणि वर परिणामसुद्धा! पण सर, पाणी आलेलं नाही, असं मी म्हणाले. “पडद्यावर दिसलं ना? मग तोच तुझा पुरावा,” ते म्हणाले. मला फोन आणि टीव्ही दोन्ही भिंतीवर आपटावेसे वाटले.

आबांचा चेहरा मात्र उजळला होता. “सूनबाई, आलंय की गं पाणी!”

काकू दारात उभ्या होत्या. “न्हाय आलं, आबा.”

“मग ह्ये काय खोटं दावत्यात व्हय?”

पडद्यावर नळ पुन्हा वाहायला लागला. त्याच्याकडे बघत आबांनी सदऱ्याचं वरचं बटण सोडलं, मग त्याखालचं.

“बंब पेटीव,” ते म्हणाले. “मी कापडं काढून ठेवतो.”