नुसते ओठ हलवा

माझ्या बायकोच्या मामांइतका आज्ञाधारक गायक आमच्या ख्रिस्ती समाजात दुसरा झाला नसेल, आणि अशा माणसाला देऊ नये ती आज्ञा मी दिली. हे आधीच सांगून टाकतो. कारण मामांविषयी बोलू लागलो की लोक हसतात, मग मीही हसतो, आणि त्या हसण्यात माझी चूक सांगायची राहून जाते.

पन्नास सालानंतरची चारदोन वर्षं. कुर्ल्याच्या आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, क्वायर माझ्याकडे होता; गाणाऱ्यांचा ताफा. नाताळ जवळ आला की पेटी, गीतांची पुस्तकं आणि लवंगांची पुडी घेऊन आम्ही दौऱ्यावर निघायचो. एका रविवारी घाटकोपर, पुढच्या रविवारी अंधेरी, मग बोरीवली. मामा बेसमध्ये, म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्यांत. ते मालगाडीवरचे निवृत्त गार्ड. आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात एकटेच बसून मोठमोठ्यानं गात आलेले. गाताना आजूबाजूला आणखी माणसं असू शकतात हे त्यांना साठीच्या घरात कळलं, आणि माझ्या मते ते त्यांना कधी मनापासून पटलं नाही. डिसेंबरातसुद्धा घाम फोडणाऱ्या त्या बोरीवलीच्या दुपारी ते रेल्वेचा जाड कोट आणि गळ्याला मफलर अशा थाटात यायचे. गाणं संपून सगळे खाली बसले की त्यांचं ‘आमेन’ यायचं, शांतपणे, शेवटच्या डब्यासारखं. एकदा घाटकोपरला मी सूर द्यायला पेटीवर बोट ठेवणार एवढ्यात त्यांनी खिशातून गार्डाची शिट्टी काढून वाजवली. क्वायर दचकून चार वेगवेगळ्या सुरांत सुरू झाला. उशीर होत होता, असं त्यांनी मला नंतर समजावलं.

पण खरी पंचाईत चालींची होती. आमच्या एकेका गीताला दोन-तीन चाली असतात. मात्रा जुळल्या की कुठलीही चालते. कोणती घ्यायची ते क्वायरमास्तरनं आधी सांगायचं. मी सांगायचो, मामा मान डोलवायचे, आणि ऐन वेळी नकळत नगरला लहानपणी शिकलेली चाल धरायचे. वरचे आवाज नव्या चालीत, खालून मामा जुन्या चालीत, तेही अजिबात न डगमगता. ऐकणाऱ्याला वाटावं, भिंतीपलीकडे दुसऱ्या कुठल्या तरी मंडळीची उपासना चालली आहे. गोंधळ असा व्हायचा की कधीकधी माझाच हात मामांच्या चालीवर हलू लागे आणि चुकतंय कोण हे मलाच कळेनासं होई. काही बोललो तर ते प्रेमानं म्हणायचे, “जावईबापू, शब्द तेच आहेत ना? मग प्रभूला कळतं.” प्रभूला कळत असेल, पण त्या नाताळात मुलुंडच्या कार्यक्रमाला ऐकायला येणारे पाहुणे पुण्याचे होते.

त्या पाहुण्यांना गाणं आवडलं तर आम्हाला पुण्या-नगरचा दौरा मिळणार होता. क्वायरमधल्या निम्म्या लोकांची माणसं तिकडची, आणि मला तर नगरच्या मंडळीपुढे हात हलवायची फारच हौस. कार्यक्रमाआधी मामांना मी बाहेर पिंपळाखाली नेलं आणि म्हणालो, “मामा, तुम्ही नुसते ओठ हलवा.”

“आवाज नाही?”

“नाही.”

“बरं,” मामा म्हणाले. त्यांनी कारण विचारलं नाही. मफलर जरा सैल केला आणि आत जाऊन आपल्या जागी उभे राहिले.

दौरा मिळाला. पुण्याला गायलो, नगरला गायलो, आणि त्या गडबडीत पिंपळाखालचं बोलणं मी साफ विसरलो. पुढे एक अख्खं वर्ष गेलं, दुसरा नाताळ आला. क्वायर कसा एकजीव झाला होता. बेसमध्ये मामांखेरीज घाटकोपरचे दोघे भाऊ होते, दणदणीत आवाजाचे. त्यांच्यात मामांचा आवाज मला अगदी स्पष्ट ऐकू यायचा. शपथेवर सांगितलं असतं. अंधेरीला तर मी सगळ्यांसमोर म्हणालो की मामांचा आवाज आता मुरला आहे, दुसऱ्यात मिसळून कसं गावं ते त्यांच्याकडे बघून शिका. मामांनी नजर खाली घातली आणि प्रभूची कृपा म्हणाले. घरी बायकोला सांगितलं, तुझे मामा सुधारले. तिलाही आनंद झाला. माणूस साठीनंतर शिकू शकतो, यावर मी मंडळीत पाच मिनिटं बोललोसुद्धा.

मग आम्ही खाडीपलीकडच्या मनोरीला गेलो. एका ख्रिस्ती कुटुंबाच्या अंगणात संध्याकाळचा कार्यक्रम होता. घाटकोपरचे भाऊ मार्व्याच्या धक्क्यावर चहा पीत बसले, होडी त्यांना सोडून निघाली, आणि बेसमध्ये एकटे मामा उरले. मला काळजी वाटली नाही. आवाज मुरलेला होता ना. शेवटच्या गीतात एक ओळ अशी होती की बाकी सगळे थांबतात आणि बेस एकटा गातो. मी सगळ्यांना थांबवलं आणि मामांकडे हात केला. मामांनी तोंड उघडलं. भुवया चढल्या, छाती भरून आली, मान शब्दाशब्दाला हलू लागली. आवाज मात्र नाही. अंगण शांत, लांबून समुद्राचा तेवढा आवाज. मला वाटलं, माझे कान गेले. मी कानात बोट घालून हलवलं. पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं, “यो बाबा गात का नाय?” तेव्हा कान शाबूत आहेत हे कळलं आणि माझी आणखीच वाट लागली.

कार्यक्रम कसाबसा आवरून मी मामांना पडवीत गाठलं. घसा बसलाय का, विचारलं.

“नाही. घसा ठीक आहे.”

“मग गायला का नाहीत?”

मामा गोंधळले. “तुम्हीच म्हणालात ना, नुसते ओठ हलवा.”

“मामा, ते मुलुंडला. त्याला वर्ष उलटलं.”

“हो, पण परत गा म्हणून कुठं सांगितलंत? सिग्नल पडल्याशिवाय गाडी काढायची नसते, जावईबापू.”

“आणि मी सगळ्यांसमोर तुमच्या गाण्याची तारीफ करत होतो, तेव्हा?”

“मला वाटलं तुम्ही ओठांची करताय,” मामा म्हणाले. “घरी रोज आरशासमोर बसतो मी.”

मला तिथंच त्यांचे पाय धरायला हवे होते. त्याऐवजी मी चिडलो. सगळ्यांसमोर फजिती केलीत, असं काहीतरी बोललो, आणि परतीच्या होडीत त्यांच्याकडे पाठ करून बसलो. ते अधूनमधून वाकून माझ्याकडे बघतायत हे मला कळत होतं. काय चुकलं याचा सारखा विचार करत असावेत. घरी बायकोला सगळं सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. एवढंच म्हणाली, “मामी गेल्यापासून त्यांचं बोलणं कमीच झालं होतं रे. गात होते तेवढेच.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर मामांकडे गेलो. त्यांनी चहा टाकला. मी म्हणालो, मामा, गा, कुठल्याही चालीत गा, आत्ता गा. आज्ञाच ती, ते लगेच उभे राहिले, कोटाची बटणं लावली, नगरच्या चालीतली पहिली ओळ घेतली. पूर्वी जमिनीतून आल्यासारखा यायचा तो आवाज खाली जाईना. मधेच तुटला. पुन्हा घेतला, पुन्हा तुटला. मामांनी खाकरून पाहिलं आणि ओशाळून हसले, जणू माझीच काही वस्तू त्यांच्या हातून मोडली होती. येईल हळूहळू, म्हणाले.

वाटेत मी बोलायचं बरंच काही जुळवून आणलं होतं, बायबलातली दोन वचनंसुद्धा. त्यातलं एकही आठवलं नाही.

“मामा, पुण्याच्या त्या लोकांपुढं मला तुमची लाज वाटली होती,” मी म्हणालो. “बाकी काही कारण नव्हतं. मला माफ करा.”